परगावचा ग्रंथ मागवताना

आपल्या ग्रंथालयात नसलेले पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाकडून उसने आणवता येते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते तेही अनेकदा चुकीचे पुस्तक मागवतात. मी त्यांतलाच एक, म्हणून हा लेखनप्रपंच.

मराठीच्या वर्गात आम्हांला स्वाध्याय मिळाला होता : तुकोबांचा एक अभंग घ्यावा, दोन छापील गाथांतले त्याचे पाठ ताडून पाहावेत आणि फरकांचा विचार करावा. मुदत एक महिना. शासकीय गाथा आपल्या कपाटात आहेच. दुसरी म्हणून मी १८६९ ची इंदुप्रकाश छापखान्याची प्रत मागितली. जुनी ती अस्सल, असा आपला समज!

अडीच आठवड्यांनी झेरॉक्स पाने आली. (इतका जुना ग्रंथ सहसा बाहेर देत नाहीत, आणि ते योग्यच.) दोन्ही पाठ शेजारी ठेवले, तर सांगण्याजोगा फरक सापडेना. सर म्हणाले, "अरे, एकाच साक्षीदाराला दोनदा बोलावलेस की!"

मुंबई सरकारने १९५० साली काढलेली गाथा या इंदुप्रकाश प्रतीच्याच आधाराने सिद्ध झालेली आहे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते पाहून ती तयार केली होती. तिचा दुसरा भाग १८७३ चा. काम मोठेच, पण माझ्या प्रश्नाला ते उपयोगी नव्हते. मला हवी होती निराळ्या घराण्यातली प्रत. तशी एक आहे : वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये छापलेला 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा'. तो संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून घेतलेला आहे. (१८९३ साली ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणारे भावे ते हेच.)

आता लगेच मागणीपत्र भरणार, तोच ग्रंथपालांनी हात धरला. शासकीय गाथेत साडेचार हजारांवर अभंग, भाव्यांच्या गाथेत सुमारे तेराशे. तुझा अभंग त्यात असेलच कशावरून? शिवाय निरनिराळ्या गाथांतले अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, तेव्हा क्रमांक कळवून भागणार नाही, पहिला चरणच लिहायला हवा. आणि नुसते 'तुकारामाची गाथा' लिहिले तर समोरचा हाताला लागेल ती पाठवील. संपादक, भाग, वर्ष, सारे हवे. शं. ग. दाते यांची १८००-१९३७ ची मराठी ग्रंथसूची त्यासाठीच उघडायची असते. मी तोवर ती नुसती लांबून पाहिली होती.

फोनवरून उत्तर आले : माझा अभंग भाव्यांत नाही. नऊ दिवस उरले होते. सरांनी अभंग बदलण्याची परवानगी दिली. या खेपेस मी तीन अभंगांचे पहिले चरण कळवले. दोन सापडले. त्यांतल्या एकाचे पान आणि मुखपृष्ठाचे पान एवढेच मागवले; मुखपृष्ठ नसले तर आवृत्तीचे वर्ष कशाच्या आधारे देणार? पाच दिवसांत पाने आली. फरक निघाले, आणि ते केवळ ऱ्हस्वदीर्घाचे नव्हते. लिहायला मात्र चारच रात्री मिळाल्या, त्यामुळे शेवटची दोन पाने घाईची झाली आहेत, हे सरांनीही लाल शाईने नोंदवले.

जुने ग्रंथ हल्ली संगणकावरही पाहायला मिळतात. पण कोणती प्रत उघडायची, हा प्रश्न तेथेही सुटत नाही.

१८६९ ची ती झेरॉक्स पाने मी ग्रंथालयात ठेवली आहेत. कोणाला लागल्यास देवघेवीच्या खिडकीवर मागावीत.