विहिरीचं पाणी गोड आहे, पण ते सुरक्षित आहे का?



आमच्या रेवदंड्यात कुणाच्या घरी गेलात की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि त्याच्यासोबत एक वाक्य येतं, "आमच्या विहिरीचं आहे. गोड आहे हो पाणी." एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी. अशा गावात गोड पाण्याची विहीर ही अभिमानाचीच गोष्ट. नारळी-पोफळीच्या वाड्या याच पाण्यावर उभ्या राहिल्या.

किनाऱ्यावरच्या माणसाची जीभ पाण्याची एक परीक्षा चटकन घेते: खारं की गोड? ही परीक्षा चुकीची नाही. पण ती मिठाची परीक्षा आहे, जंतूंची नाही. आजचा पाठ एवढ्या एका वाक्यावर उभा आहे. तो पाचवी ते आठवीच्या वर्गात घेता येतो आणि पालकांना घरीही घेता येतो.

हा पाठ का घ्यावा लागला

काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा नवरात्रापासून शाळेत यायचा बंद झाला. कावीळ. सहामाही परीक्षा बुडाली. मी भेटायला गेलो तर आजीने तांब्या पुढे केला आणि तेच वाक्य म्हणाली. परत निघताना मागच्या दारी पाहिलं. विहिरीपासून जेमतेम दहा-बारा पावलांवर नव्या संडासाचा शोषखड्डा होता.

त्याची कावीळ याच विहिरीमुळे झाली, असं मी म्हणू शकत नाही. पाणी तपासलेलंच नव्हतं. पण मला बोचलं ते वेगळंच. जलप्रदूषणाचा धडा मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो. प्रदूषणाची कारणं विचारली की मुलं "कारखान्यांचं सांडपाणी" असं घडाघडा सांगत. वर रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे, म्हणून आमच्या मुलांना ते उत्तर जवळचंही वाटतं. पण स्वतःच्या परसातला खड्डा कुणाच्याच उत्तरात येत नव्हता. माझ्याही नाही.

लंडनची चवदार पाण्याची गोष्ट

पाठाची सुरुवात मी गोष्टीने करतो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची भयंकर साथ आली. तेव्हा अनेक डॉक्टरांना वाटायचं की कॉलरा घाणेरड्या हवेतून होतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की तो पाण्यातून होतो. कोणत्या घरात किती माणसं दगावली हे ते विचारत फिरले आणि पुढे त्या नोंदी त्यांनी नकाशावर मांडल्या. मृत्यूंची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती होती. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला.

या गोष्टीतले दोन तपशील मुलांना मुद्दाम सांगा. पहिला, त्या पंपाच्या पाण्याची चव लोकांना आवडायची. दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका वृद्ध बाई केवळ चवीसाठी तिथून पाणी मागवत. ते पाणी पिऊन त्यांनाही कॉलरा झाला आणि त्या गेल्या. दुसरा, नंतर खोदून पाहिलं तेव्हा पंपाच्या विहिरीपासून साधारण तीन फुटांवर मैल्याचा जुना खड्डा निघाला. त्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या. आजारी बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी त्याच खड्ड्यात टाकलं जात होतं.

इथे थांबा आणि वर्गाला विचारा, "तुमच्या विहिरीपासून खड्डा किती लांब?" वर्ग एकदम गप्प होतो.

खड्ड्यातलं पाणी विहिरीत कसं येतं?

आपल्या वाड्यांची जमीन बरीचशी वाळूची. पाणी तिच्यातून भरभर झिरपतं, म्हणून विहिरी उथळ असूनही भरतात. पण वाळू जसं पावसाचं पाणी मुरवते तसंच शोषखड्ड्याचंही मुरवते. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खोल असते. खड्ड्यातून निघालेलं पाणी तिथवर पोचेपर्यंत वाटेत थोडंफार गाळलं जातं, बरेच जंतू मरतात. पावसाळ्यात हीच पातळी वर येते. कधी कधी तर खड्ड्याचा तळच भूजलात बुडतो. मग गाळायला मध्ये कोरडी जमीन उरत नाही.

यात आता आणखी भर पडली आहे. पूर्वी घरात पाच माणसं आणि पाणी रहाटाचं. आता पंप आहे, फ्लश आहे, अनेक घरांत पर्यटक उतरतात, गणपतीत मुंबईची सगळी मंडळी येतात. खड्डा मात्र पाच माणसांच्या हिशोबाचाच राहतो.

विहीर आणि शोषखड्डा यांच्यात किमान १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फूट अंतर असावं असं साधारणपणे सांगितलं जातं. वाळूच्या जमिनीत त्याहून जास्त असेल तर उत्तमच.

कृती १ : परसाचा नकाशा

मुलांना घरी जाऊन कागदावर परसाचा नकाशा काढायला सांगा. मध्यभागी विहीर. मग शोषखड्डा, नहाणीचं पाणी जातं ती जागा, गोठा, उकिरडा. मुलाचं एक पाऊल ६० सेंटिमीटर धरलं तर १५ मीटर म्हणजे २५ पावलं. प्रत्येक अंतर पावलांनी मोजायचं आणि लिहायचं. जमिनीचा उतार बाणाने दाखवायचा. गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचा खड्डा असेल तर तोही काढायचा, कारण जमिनीखालच्या पाण्याला गडगा दिसत नाही.

विहिरीचीही पाहणी करायची. कठडा आहे का? भोवतीच्या ओट्याला भेगा आहेत का? सांडलेलं पाणी परत आत जातं का? दोर आणि पोहरा जमिनीवर पडलेला असतो का? वर जाळी किंवा झाकण आहे का?

इथे माझी एक चूक सांगतो, तुम्ही ती करू नका. पहिल्या वर्षी मी हे नकाशे नावांसकट भिंतीवर लावले. एका मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. "सर, आमच्या घरचा संडास तुम्ही गावाला दाखवलात." त्यांचं बरोबर होतं. आता नकाशावर नाव नसतं आणि नकाशा मुलाबरोबर घरी परत जातो. आपल्याला कुणाची लाज काढायची नाही. वाडी वडिलोपार्जित, जागा अरुंद, खड्डा हलवणं म्हणजे मोठा खर्च. हे समजून घेऊनच बोलावं लागतं.

कृती २ : दिनदर्शिका उलटी वाचा

दूषित पाण्याने हगवण लागली तर ती लवकर कळते. काविळीचं तसं नाही. अ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. ई प्रकाराला दोन ते दहा आठवडेही लागू शकतात.

मुलांना उदाहरण द्या: एखाद्याला १० ऑक्टोबरला त्रास सुरू झाला. २८ दिवस मागे जा. १२ सप्टेंबर येतो. १५ आणि ५० दिवसांच्या तारखाही काढायला सांगा. मग लक्षात येतं की आपण दोष देतो कालच्या भेळेला, आणि कारण घडलेलं असतं महिन्यापूर्वी. म्हणूनच विहिरीवर संशय जात नाही.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. आपल्याकडे कावीळ उतरवायला नेतात, माळ घालतात. अ प्रकारची कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला जातं. पण ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. माळ घालायची तर घाला, पण आधी डॉक्टरांकडे जा.

कृती ३ : विहिरीचं गणित

वृत्तचितीचं घनफळ आठवीच्या मुलांना पुस्तकात रुक्ष वाटतं. विहिरीच्या काठावर तेच गणित जिवंत होतं. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. त्रिज्या १.५ मीटर. घनफळ = ३.१४ × १.५ × १.५ × ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते, म्हणजे या विहिरीला अंदाजे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते.

पावडर थेट विहिरीत ओतायची नाही. मोठ्या माणसाने ती बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, पाणी घालून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायची आणि फक्त वरचं निवळ विहिरीत सोडून पाणी ढवळायचं. खालचा चुना टाकून द्यायचा. नंतर किमान एक तास पाणी उपसायचं नाही. रात्री केलं तर सोयीचं. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून डबा घट्ट बंद हवा. मुलांनी गणित करावं, पावडरीला हात लावू नये. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक किंवा आरोग्य सेवक यांना बोलावलंत तर ते करून दाखवतात.

क्लोरीन उरलं का, हे ओटी चाचणीने कळतं. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. ते द्रावण विषारी असतं, त्यामुळे चाचणीही मोठ्यांनीच करायची. मुलांना दाखवायला एचटूएसची बाटली जास्त चांगली. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. पारदर्शक, गोड पाणी काळं होताना मुलं एकदा पाहतात, मग वेगळं शिकवावं लागत नाही. बाटली उघडायची मात्र नाही.

नेहमी येणारे प्रश्न

"आम्ही पाणी गाळून घेतो." गाळल्याने डोळ्यांना दिसणारी घाण जाते. नारूचा रोग हटवायला फडक्याने पाणी गाळण्याचा मोठा उपयोग झाला, कारण त्याचा प्रसार करणारे सूक्ष्म जलजीव फडक्यात अडकतात. काविळीचे विषाणू अडकत नाहीत.

"तुरटी फिरवतो." तुरटीने गाळ बसतो. पाणी निवळ दिसतं, पण निर्जंतुक होत नाही.

"मग करायचं काय?" पिण्याचं पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसंच ठेवा, झाकून गार करा आणि ओगराळ्याने काढा. खड्डा आज हलवता येत नसेल, पण ही गोष्ट आजच करता येते.

"आता नळ आलाय, विहिरीचं कशाला?" ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळाने वाड्या आडव्या केल्या आणि वीज कितीतरी दिवस नव्हती. पंप बंद पडले की माणूस विहिरीकडेच वळतो. आणि हा प्रश्न फक्त गावाचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे बरेच रुग्ण आढळले. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला.

शेवटी

तो मुलगा पुढे बरा झाला. पुढच्या वर्षी नकाशा काढताना त्याने पावलं दोनदा मोजली, अकरा आली. आजीला वाईट वाटलं. विहीर तिच्या सासऱ्यांनी खणलेली. पण घरात ठरलं: विहिरीचं पाणी वाडीला आणि धुण्याला, प्यायचं ते उकळून.

हल्ली त्यांच्याकडे गेलो की तांब्या तसाच पुढे येतो. वाक्य मात्र थोडं लांबलंय. "गोड आहे हो पाणी. आणि उकळलेलं आहे."

तुमच्या वर्गात किंवा घरी हा नकाशा काढून पाहा. किती पावलं आली?