हिवाळ्यातील सण : एक सूर्य, अनेक अंगणे



बडोद्यासारख्या नगरात मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की एकाच महिन्यात किती घरांत किती प्रकारचे उत्सव सुरू होतात, याचा आपण क्वचितच विचार करतो. फत्तेगंजात ख्रिस्ती कुटुंबांच्या दारांवर नाताळचे कागदी तारे लागतात. १३ जानेवारीच्या रात्री पंजाबी घरांसमोर लोहडीची होळी पेटते व सिंधी बांधव लाल लोई साजरी करतात. दुसऱ्या दिवशी गुजराती शेजारी पहाटेपासून पतंग घेऊन गच्चीवर जातात, तमिळ भगिनी दारात रांगोळी घालून नव्या भांड्यात पोंगल शिजवतात आणि आपल्या माजघरात सुगडे पुजली जातात. हे सर्व सण एकाच ऋतूत एकत्र यावेत, हा केवळ योगायोग आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हे सण घरातील लहान मुलांसह कसे साजरे करावेत याचाही विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आकाशाकडे पाहू. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे २१ किंवा २२ डिसेंबरला सूर्य अधिकात अधिक दक्षिणेस जातो. त्या दिवशी बडोद्याचा दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो. ही गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा अंगणात मोजणे अधिक चांगले. एक मीटर लांबीची काठी सपाट जागी ओळंब्याने सरळ उभी करावी. आपल्या गावाचा खरा मध्यान्ह घड्याळातील बारा वाजता होत नसून, डिसेंबरअखेर तो साडेबारानंतर होतो. म्हणून बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली मोजावी. २२ डिसेंबरला ती काठीहून किंचित लांब, म्हणजे सुमारे १०२ ते १०३ सेंटीमीटर भरेल. संक्रांतीच्या दिवशी पुन्हा मोजावी, ती सुमारे ९५ सेंटीमीटरवर आलेली दिसेल. सूर्य उत्तरेकडे वळल्याचा हा आपल्या हातचा पुरावा होय.

या तीन आठवड्यांत दिवस वाढतो तो अवघा सात-आठ मिनिटांनी. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपली आजी सांगते, ते किती नेमके आहे पाहा! आणखी एक मौज अशी की, दिवस वाढू लागला तरी सकाळचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. वाढ होते ती संध्याकाळच्या बाजूस. पहाट लवकर उजाडू लागते ती संक्रांतीच्या आसपासच.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, "सूर्य २२ डिसेंबरला वळतो, तर संक्रांत १४ जानेवारीला का?" प्रश्न योग्य आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अतिशय मंद गतीने डुलतो. त्याचा एक फेरा पुरा होण्यास सुमारे २५,८०० वर्षे लागतात. आपली पंचांगे सूर्याचा मकर राशीतील प्रवेश ताऱ्यांच्या आधाराने गणतात, तर ऋतू आसाच्या कलण्यावर अवलंबून असतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. आता संक्रांत १४ जानेवारीस, तर काही वर्षी १५ जानेवारीसही येते. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने हाच विचार करून ऋतूंशी जुळणारी गणना सुचविली, आणि २२ मार्च १९५७ पासून भारताचे राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्यातील पौष महिन्याचा पहिला दिवस २२ डिसेंबर हा असतो.

नाताळच्या तारखेचीही अशीच कथा आहे. येशू ख्रिस्ताचा जन्मदिन बायबलात दिलेला नाही. २५ डिसेंबर ही तारीख इ. स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात नोंदलेली आढळते. जुन्या रोमन गणनेत सूर्य वळण्याचा दिवसही २५ डिसेंबर हाच मानीत असत. पुढे ते पंचांग ऋतूंच्या मागे पडू लागले, म्हणून १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला! ज्या पूर्वेकडील चर्चांनी जुनी गणनाच चालू ठेवली, त्यांचा नाताळ आज ७ जानेवारीला येतो. पंचांग कोणाचेही असो, सूर्याची गाठ घेताना सर्वांचीच तारांबळ उडालेली दिसते, आणि ते कळले म्हणजे "आमचेच खरे" हा हट्ट थोडा सैल होतो.

आता घरात काय करावे ते पाहू. आमच्या मते शेजाऱ्याच्या सणाची नक्कल करण्यापेक्षा त्याची ओळख करून घेणे श्रेयस्कर. ओळख म्हणजे त्या सणाचे एक कारण, एक पदार्थ आणि एक रीत, एवढे जरी मुलांना समजले तरी पुष्कळ झाले.

गोव्यातील नाताळ घ्या. 'नाताळ' हा शब्दच मुळी जन्म या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून आला आहे. तेथे ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंका असे पदार्थ करून 'कोन्सुआद' म्हणून शेजारी पाठवितात, आणि चवथीला व दिवाळीला हिंदू घरांतून फराळाचे ताट उलट जाते. नेवरी म्हणजे आपली करंजीच. मुलांनी ती लाटावी, भरावी, आणि एकच पदार्थ दोन सणांत कसा मानाने वावरतो ते पाहावे.

पोंगलचे नाव 'उतू जाणे' या अर्थाच्या तमिळ धातूवरून पडले आहे. नव्या तांदळाची खीर दूध-गुळासह शिजवून भांड्याबाहेर उतू जाऊ देतात, कारण ते समृद्धीचे चिन्ह होय. दुसऱ्या दिवशी, मट्टू पोंगलला, गाई-बैलांचा सन्मान होतो. आपला बैलपोळा ज्याला ठाऊक आहे, त्याला हा दिवस समजावून सांगावा लागणार नाही. लोहडीच्या अग्नीत तीळ, रेवडी, शेंगदाणे व मक्याच्या लाह्या अर्पण करतात, आणि गोरगरिबांचा कैवारी म्हणून लोकगीतांत अमर झालेल्या दुल्ला भट्टीचे स्मरण करतात. कर्नाटकात तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे व डाळे यांचे मिश्रण वाटून चांगले बोलण्याची विनंती करतात. आपल्या तिळगुळाचाही संदेश हाच नव्हे काय? तिळात वजनाच्या निम्म्याच्या जवळपास तेल असते. थंडीत अंगाला स्निग्धता हवी, हे शेतकऱ्यांनी प्रांतोप्रांती आपापल्या अनुभवाने जाणले होते.

तेलाचा विषय निघाला म्हणून मराठी बोलणाऱ्या एका समाजाची आठवण करून देतो. कोकणातील बेने इस्राएल हे ज्यू लोक परंपरेने तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यापैकी काही कुटुंबे गुजरातेत आली. अहमदाबादेत १९३४ साली बांधलेले त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. डिसेंबरच्या सुमारास येणाऱ्या हनुक्का सणात आठ रात्री दिवे लावतात, रोज एक अधिक; आणि एका वेगळ्या दिव्याने बाकीचे उजळतात. पुढे माघाच्या सुमारास पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा करून ते एलियाहू हन्नाबीचे स्मरण करतात. धर्म निराळा, पण पोहे-खोबरे कोकणचेच आणि भाषा आपलीच!

शेजाऱ्यांना घरी बोलाविताना दोन पथ्ये पाळावीत. पाहुण्यांच्या आहाराचे नियम आधी विचारून घ्यावेत; जैन मित्र कंदमुळे खात नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी उंधियूही त्याविना करावा लागतो. आणि त्यांच्या सणाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकावी. मुलाने आपल्या मित्राच्या आजीला "तुमच्याकडे हे का करतात?" असे आदराने विचारले, तर त्याला पुस्तकातील पाठापेक्षा अधिक मिळेल.

मात्र सणांची स्तुती करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उत्तरायणाच्या दिवशी आकाश पतंगांनी भरते, "काय पो छे"च्या आरोळ्या उठतात, आणि त्याच आकाशात मांज्याने पंख कापलेले पक्षी कोसळतात. दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळेही चिरले गेले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. परंतु कायदा फिरकीपर्यंत पोहोचतो तो मुलांच्याच हातून. सुती दोरा वापरणे, पक्षी घरट्यांतून निघतात व परततात त्या सकाळ-संध्याकाळच्या वेळी पतंग उतरविणे आणि झाडांवर अडकलेला दोरा दुसऱ्या दिवशी गोळा करणे, ही तीन कामे प्रत्येकाला करता येतील.

दुसरी गोष्ट आपल्याच उंबरठ्याच्या आतली आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू होते, वाण लुटले जाते. त्या वेळी घरातीलच एखादी विधवा आत्या किंवा आजी आतल्या खोलीत बसून राहते. लाडू वळले तिने, हलव्याचे दागिने गुंफले तिने, बोरन्हाणासाठी बोरे निवडली तिने. पण बैठकीत तिला जागा नाही! मुले हे पाहतात आणि न सांगता शिकतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याला जे साधले, ते आपल्या दिवाणखान्यात अशक्य नाही. परक्या घराचे तारे आणि दिवे कौतुकाने पाहावयाचे आणि स्वतःच्या घरातील माणसाला मात्र अंधारात ठेवावयाचे, ही विसंगती आपण मुलांना कशी समजावून सांगणार?

तेव्हा येत्या हिवाळ्यात अंगणात काठी रोवा, सावली मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. एक पदार्थ शेजाऱ्याकडून शिका, एक त्याला शिकवा. आणि संक्रांतीच्या दिवशी तिळगुळाची पहिली वडी घरातील त्या माणसाच्या हातावर ठेवा, ज्याला आजवर ती शेवटी मिळत आली.