किल्ली कुठं ठेवली?

आपल्या बेळगावकडं वाक्याच्या शेवटी 'की' असतेच. 'बस की', 'सांग की', 'जेवून जा की'. या लेखातली 'की' मात्र निराळी. विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस किंवा मराठी टायपिंगचं एखादं सॉफ्टवेअर विकत घेतलं, की त्याच्याबरोबर अक्षरं आणि आकडे मिळून एक लांब ओळ मिळते. ती प्रॉडक्ट की. मी तिला सरळ किल्ली म्हणणार आहे. वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपलं लेखन हल्ली वहीत कमी आणि संगणकात जास्त असतं, आणि घरात तो संगणक बहुतेक वेळा सगळ्यांचा मिळून एकच असतो. कॉलेजची संगणक प्रयोगशाळा सांभाळत असल्यामुळं माझ्याकडं विद्यार्थी येतात ते 'सर, ऑफिस उघडेना' म्हणूनच. त्यातल्या बऱ्याच जणांचं ऑफिस बिघडलेलं नसतं. किल्ली सापडत नसते, एवढंच.

आधी एक फरक सांगतो. घराची किल्ली खिशात असली म्हणून घर आपल्या नावावर होत नाही. सॉफ्टवेअर वापरायचा हक्क म्हणजे परवाना. आपल्याकडं परवाना आहे हे त्या सॉफ्टवेअरला ओळखू यावं, म्हणून किल्ली. आणि आपण पैसे दिलेत याचा पुरावा म्हणजे बिल. किल्ली हरवली तर बिल दाखवून विचारता तरी येतं, म्हणून बिल टाकून देऊ नका.

मायक्रोसॉफ्टच्या किल्लीत २५ अक्षरं असतात, पाच-पाचांचे पाच गट. ती राहते कुठं, हे मात्र सगळीकडं सारखं नाही, आणि खरा घोळ इथंच होतो. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाखाली एक स्टिकर असायचा. मांडीवर, टेबलावर घासून घासून त्यावरची अक्षरं पुसट होतात. कुणाकडं अजून तसं यंत्र असेल तर आजच उलटं करून किल्ली उतरवून घ्या. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून कंपनीनंच विंडोज घालून दिलेल्या लॅपटॉपमध्ये किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. विंडोज पुन्हा घातलं की ते आपणहून ती वाचून घेतं. सोय मोठी आहे, पण मदरबोर्ड बदलला तर किल्लीही जुन्या मदरबोर्डाबरोबर जाते.

२०१५ साली विंडोज १० आलं आणि आणखी एक प्रकार सुरू झाला, डिजिटल परवाना. ज्यांनी विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड केलं, त्यांना स्वतःची अशी नवी किल्ली मिळालीच नाही. त्यांच्या यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली गेली. अशा संगणकावर किल्ली शोधायचा प्रोग्रॅम चालवला तर तो एक किल्ली दाखवतो खरा, पण ती सर्वांसाठी एकच असलेली सामान्य किल्ली असते. प्रो आवृत्तीत तिचा शेवट '३ व्ही ६ ६ टी' असा असतो. लोक ती वहीत सुवाच्य अक्षरात लिहून, वर चौकट करून ठेवतात! तिचा पुढं काही उपयोग नाही. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन' उघडून तिथं काय लिहिलंय ते वाचा. परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला नसेल तर जोडून घ्या, म्हणजे यंत्रात मोठा बदल झाला तर त्या खात्यातून तो पुन्हा मागता येतो.

ऑफिसचं तंत्र वेगळं. २०१० पर्यंतची ऑफिसं पूर्ण किल्ली संगणकाच्या रजिस्ट्रीत ठेवत. २०१३ पासून फक्त शेवटची पाच अक्षरं यंत्रात राहतात. खरेदी खात्यात नोंदलेली असते. तेव्हा ते खातं कोणत्या ईमेलवर काढलं, हीच तिथली किल्ली. विद्यार्थ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. स्वतःच्या पैशानं घेतलेलं सॉफ्टवेअर कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर नोंदवू नये. पास होऊन बाहेर पडल्यावर तो ईमेल बंद झाला, की आत जायचा रस्ताच बंद.

रजिस्ट्रीचं महत्त्व मला आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींमुळं नीट कळलं. त्यांनी जात्यावरच्या ओव्या खेड्याखेड्यांतून गोळा करून, तळटीपांसह टाईप केल्या होत्या. ऑफिस २०१० रीतसर विकत घेतलेलं. संगणक मंद झाला म्हणून दुकानात दिला. दुकानदारानं जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, फाईली सगळ्या आणून दिल्या, आणि गुरुजींना न विचारता नकली ऑफिस घालून 'अ‍ॅक्टिव्हेटर'नं ते चालू केलं. काही महिन्यांनी अँटिव्हायरसनं तो अ‍ॅक्टिव्हेटर पकडला. वर्डच्या माथ्यावर परवाना नसल्याची लाल पट्टी आली, आणि पुस्तक छापखान्यात द्यायची तारीख तर ठरलेली. लिब्रे ऑफिसमध्ये फाईल उघडून पाहिली. त्याला किल्ली लागत नाही, फुकट आहे, मी ते सगळ्यांना सुचवतोच. पण तळटीपांची पानं सरकली. गुरुजी म्हणाले, "अरे, मी पैसे भरून घेतलंय की ते! मग चोरासारखं का वापरायचं?"

खोका सापडला, आतलं कार्ड नव्हतं. पण दुकानदारानं जुनी हार्ड डिस्क पिशवीत घालून परत दिली होती. ती एका केबलनं संगणकाला जोडली आणि 'प्रोड्यूकी' नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमला तिच्यातला विंडोजचा फोल्डर दाखवला. त्यानं जुन्या रजिस्ट्रीतून ऑफिसची २५ अक्षरं काढून समोर ठेवली. गुरुजींनी आपल्या हातानं ती पाकिटावर लिहिली.

ही गोष्ट ऐकून आनंद झाला असेल, तर तिची दुसरी बाजूही बघा. जे मला पाच मिनिटांत जमलं, ते ती डिस्क भंगारातून उचलणाऱ्यालाही जमलं असतं. रजिस्ट्रीतली किल्ली सांकेतिक रूपात असते, पण तो संकेत उघड आहे. 'अ‍ॅगोबॉट'सारखे जुने व्हायरस संगणकात शिरून खेळांच्या किल्ल्या चोरत, ते याच वाटेनं. म्हणून डिस्क बदलली तर जुनी मागून घ्या, आणि टाकून द्यायची झाली तर आधी पूर्ण पुसा. किल्ली शोधायचे प्रोग्रॅमही त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या. त्यांच्या नावाची सोंगं पुष्कळ आहेत, आणि अँटिव्हायरस खऱ्यावरही ओरडतो, त्यामुळं सोंग ओळखणं अवघड जातं.

किल्ली लिहून ठेवायची कुठं? डेस्कटॉपवर नोटपॅडच्या फाईलीत नको. डिस्क गेली की तीही गेली, आणि समोर बसेल त्याला ती दिसतेच. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्टिकरचा फोटो तर नकोच. कुणाचा तरी भाचा 'चालते का बघू' म्हणून वापरून टाकतो आणि ऐनवेळी आपल्याला नकार मिळतो. मी स्वतः 'कीपास' वापरतो. एका मुख्य पासवर्डनं कुलूपबंद होणारी फाईल, तिची एक प्रत पेन ड्राईव्हवर. आणि कागद. कागदाला हसू नका. किल्ली, सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव, आवृत्ती, खरेदीची तारीख, कुठला ईमेल दिला, आणि बिल, हे सगळं एका पाकिटात घालून रेशन कार्ड असतं तिथं ठेवावं.

हातानं लिहिताना एक गंमत उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्टच्या या किल्ल्यांत स्वर मुळीच नसतात. एल, एस, झेड ही अक्षरं आणि शून्य, एक, पाच हे आकडेही नसतात. वाचताना गोंधळ नको म्हणून ती वगळलेली आहेत. त्यामुळं जुन्या वहीत शून्य किंवा ओ दिसला तर तो बहुधा डी किंवा क्यू आहे, असं धरून पुन्हा बघा. आठ आणि बी, सहा आणि जी मात्र दोन्ही असतात. तिथं अक्षर वळणदारच काढायला हवं.

आपल्या मंडळाच्या संगणकाचंही असं एक पाकीट मी केलं आहे. अंकाच्या मांडणीसाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरची किल्ली, बिल आणि नोंदणीचा ईमेल त्यात आहे. ते मंडळाच्या कपाटात, इतिवृत्ताच्या वहीखाली आहे. जूनमध्ये नवे सचिव येतील तेव्हा त्यांनी वहीबरोबर तेही मोजून घ्यावं.