आधी ओल बघ

बाळा,

परवा फोनवर तू रडत होतीस, म्हणून मी फार बोलले नाही. आता लिहिते. बोरिवलीच्या तुमच्या सोसायटीत बायकांच्या दोन राखीव जागांपैकी एकीवर तू निवडून आलीस, पहिल्याच मीटिंगला सेक्रेटरीपद गळ्यात पडलं आणि महिना झाला नाही तोच खालच्या मजल्यावरच्या बाई तुला जिन्यात अडवून ‘कालची पोर’ म्हणाल्या. ते लागतं, मला माहीत आहे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या 32 बिऱ्हाडांच्या इमारतीत मी 14 वर्षं हेच काम केलं. त्यातलं जे खरंच उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

माणूस तणतणत दारात आला की आपल्याला आधी उत्तर सुचतं. ते उत्तर गिळायचं आणि पायात चपला घालायच्या.

एका पावसाळ्यात रात्री साडेनऊला पहिल्या मजल्यावरचे काका वर्तमानपत्रात प्लॅस्टरचा ओला तुकडा घेऊन माझ्याकडे आले. तीन महिने तुम्ही नुसती पत्रं लिहिताय, असं सगळा जिना ऐकेल अशा आवाजात म्हणाले. माझ्याकडे अगदी बिनचूक उत्तर होतं. बाहेरच्या भिंती आणि गच्चीची गळती सोसायटीनं बघायची, पण संडास, बाथरूम, सिंक यांचं घरातलं लीकेज त्या त्या सभासदांनी आपल्या खर्चानं दुरुस्त करायचं, असं बायलॉजमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते बोलले नाही. त्यांच्याबरोबर खाली गेले. पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणलेला, त्यावर त्यांची म्हातारी आई झोपलेली. कोपऱ्यात बादली, आणि थेंबांचा आवाज होऊन तिची झोप मोडू नये म्हणून बादलीत टॉवेलची घडी टाकलेली. मी भिंतीला तळवा लावला, तो ओला झाला. काकांचा आवाज तिथेच खाली आला. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर गेले. काकांच्या वरच्या घरातल्या बाईंनी प्लंबरला दोनदा दारातून परत पाठवलं होतं. मीही त्यांना हेकेखोर समजत होते. आत गेले तर पंधरा दिवसांची बाळंतीण मुलगी घरात, आणि बाथरूम एकच. लाद्या फोडल्या तर तिला अंघोळीला न्यायचं कुठे? हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. शेजारच्यांनी आठवडाभर आपलं बाथरूम द्यायचं कबूल केलं आणि गाठ सुटली. प्लंबरनं नहाणी ट्रॅप बंद करून आत लाल रंग कालवलेलं पाणी भरून ठेवलं. संध्याकाळी काकांच्या छताला लाल ठिपका उमटला. मी त्या बाईंना खाली नेऊन तो दाखवला. वाद घालायला जागाच उरली नाही, आणि खर्च त्यांनी स्वतःहून दिला.

म्हणून म्हणते, पोरी, आधी ओल बघ. बायलॉज पळून जात नाहीत. ते दुसऱ्या दिवशीही तेच सांगतात.

वेळ सांभाळ. चर्चगेट ते बोरिवली 34 किलोमीटर उभ्यानं येऊन जो माणूस रात्री आठला लिफ्टमध्ये शिरतो, त्याला तिथे पार्किंगबद्दल किंवा थकबाकीबद्दल विचारू नकोस. त्या वेळी त्याला फक्त घराचं दार हवं असतं. तूही अंधेरीहून ऑफिस करून येतेस. तुला गेटवर गाठलं तर सरळ सांग, ‘आत्ता मी दमलेय, तुमचं नीट ऐकता येणार नाही, उद्या सकाळी साडेसातला येते.’ आणि साडेसातला जा. सातपस्तीस नको. दिलेली वेळ पाळलीस की निम्मी माणसं दुसऱ्यांदा ओरडतच नाहीत, हे मी मोजून पाहिल्यासारखं सांगू शकते.

तक्रार वहीत माणसाचे शब्द त्याच्याच भाषेत उतरव आणि त्याला वाचून दाखव. ‘सेक्रेटरी झोपा काढतात’ म्हणाला असेल तर तेही लिही. वाचून दाखवलं की बहुतेक वेळा तोच म्हणतो, एवढं नको, पाणी सकाळी वीस मिनिटंच येतं असं लिहा. तेच तुला हवं असतं. पाण्याच्या बाबतीत तर बोलणी तुला खावीच लागतील. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात, पाऊस लांबला की कपात होणार पालिकेच्या हुकमानं, आणि जाब विचारणार तुला. पंप किती वाजता सुरू केला, टाकीत किती पाणी आलं, हे रोज लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहायला लाव. लोकांना पाण्याइतकीच त्याची खबरही हवी असते.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रात्री दहानंतर काहीही आलं तरी उत्तर नको. पण ग्रुप सोडूही नकोस. तू फोनवर तेच म्हणत होतीस. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग तुझ्या आजीला पाठ होते. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालत राहिली, ती ही कथा. आजी सांगायची, ताटी लावावीशी वाटणं यात पाप नाही, पण बाहेर कोणीतरी मुक्ता असायला हवी. तू बोलणी खाऊन घरी येशील तेव्हा मला फोन कर. कितीही वाजता.

आता मला जड जाणारी गोष्ट. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आमच्या कमिटीनं घरकामाच्या बायकांना गेट बंद केलं. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक वहिनी होत्या, सत्तरी उलटलेल्या, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. त्यांनी मला फोन करून वाट्टेल ते सुनावलं. मी आवाज जराही चढवला नाही. ‘नियम सगळ्यांना सारखा आहे, वहिनी,’ एवढंच म्हणाले आणि स्वतःच्या संयमावर समाधान मानून झोपले. तीन दिवसांनी कसल्याशा सहीसाठी वर गेले, तर ओट्यावर दुधाच्या तीन पिशव्या न फोडलेल्या, फुगलेल्या. एका हातानं त्यांना पिशवी कापता येत नव्हती. माझ्या शांतपणाचा त्यांना काडीचा उपयोग झाला नव्हता. त्यानंतर रोज सकाळी मी जाऊन दूध तापवून यायचे आणि दुसऱ्या मजल्यावरची एक कॉलेजातली मुलगी त्यांची वेणी घालून द्यायची. पण ते तीन दिवस मला परत आणता आले नाहीत. समोरचा ओरडत असताना आपण शांत राहिलो, एवढ्यावर थांबू नकोस. तो कशासाठी ओरडतोय ते शोध.

मऊपणानं वागायचं म्हणजे सूट द्यायची असं मात्र समजू नकोस. थकबाकीवर नियमानुसार व्याज लावता येतं. तुमच्या सोसायटीनं जो दर ठरवलाय तो सर्वांना लागलाच पाहिजे. ते माफ करणं तुझ्या हातात नाही, तो पैसा सगळ्यांचा आहे. तुझ्या हातात एवढंच, की नोटीस निघण्याआधी एकदा एकटीनं त्या घरी जायचं, कोणाची नोकरी गेली का, कोणी आजारी आहे का ते विचारायचं, आणि हप्ते हवे असतील तर तसा अर्ज घेऊन कमिटीपुढे ठेवायचा. घरात ऐकलेलं कारण बाहेर कोणाला कळता कामा नये. अगदी चेअरमनसाहेबांनासुद्धा.

30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागेल, 14 दिवस आधी नोटीस काढून. प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, जे दर सभेला हिशेबावर उभे राहतात. त्यांना टाळू नकोस. सभेच्या आठवडाभर आधी घरी बोलव, चहा दे, फाइल पुढे ठेव. आमच्याकडच्या अशाच एका काकांनी लिफ्टच्या एएमसीचं बिल दोनदा खर्ची पडलेलं शोधून काढलं होतं. त्याआधी चार वर्षं आम्ही त्यांना खाली बसवत आलो होतो.

एका ठिकाणी मात्र ऐकून घेऊ नकोस. कोणी वॉचमनला किंवा सफाईवाल्या मुलाला शिवी दिली तर तिथल्या तिथे थांबव. आवाज न चढवता, पण त्या पोराच्या देखत. ‘यांना नाही, मला बोला,’ एवढं पुरतं. तुला बोललेलं तू घरी येऊन मला सांगशील. त्या पोरानं कुणाला सांगायचं?

रविवारी मी येतेय. घाटकोपरला उतरून मेट्रोनं अंधेरी, तिथून बोरिवली. मेगाब्लॉक असला तर जरा उशीर होईल. तोवर जिन्यात अडवणाऱ्या त्या बाईंना काही स्पष्टीकरण देऊ नकोस. फक्त विचार, तुमच्याकडे ओल बघायला किती वाजता येऊ? घरात टॉर्च नसेल तर मी घेऊन येते.

तुझी आत्या