मराठी एलईडी पाटी : पैसे कुठे घालावेत?

चंदगडच्या बाजारात काजूगराच्या दुकानावर पळत्या अक्षरांची पाटी लावायची, तर दर पॅनेलच्या संख्येवर सांगितला जातो. अक्षरांबद्दल कुणी बोलत नाही आणि पाटी फसते ती तिथेच.

नेहमीचा पी-10 पॅनेल 32 ठिपके रुंद, 16 ठिपके उंच असतो. दोन ठिपक्यांत 10 मिलिमीटर अंतर. सहा पॅनेल शेजारी जोडले की सव्वासहा फूट लांब, 16 सेंटिमीटर उंच पाटी होते. एवढ्या उंचीत इंग्रजी कॅपिटल अक्षर ऐसपैस बसते. देवनागरीत मात्र वेलांटी-रफाराला वर चार ओळी, शिरोरेषेला एक, उकाराला खाली तीन सोडल्या की अक्षराच्या अंगाला आठच उरतात. दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असे महाराष्ट्राची 2022 ची कायदादुरुस्ती सांगते. म्हणून मी दोन रांगांचीच पाटी घ्या म्हणेन : 12 पॅनेल, 32 ठिपके उंची.

एकरंगी पॅनेल साधारण 300 ते 500 रुपयांना, म्हणजे बारांचे 3,600 ते 6,000. वीजपुरवठ्याचे युनिट, कंट्रोलर कार्ड, चौकट आणि बसवणी वेगळी. या प्रत्येकाचा आकडा दरपत्रकात सुटा मागा. इथल्या पावसात स्वस्तातला सेमी-आउटडोअर (अर्धवट उघड्यावरचा) पॅनेल घेऊ नका. पूर्ण जलरोधक घ्या आणि चौकटीची मागची बाजूही बंद करून घ्या. बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ, तेव्हा दोन्हीकडचे दर काढा. पण दुरुस्तीला चंदगडला कोण येणार, हे आधी ठरवा. पाटी सरासरी 100 वॅट घेत असेल, तर रोज दहा तासांचे महिन्याला 30 युनिट होतात.

आता अक्षरे. मोबाइलमधला गुळगुळीत फॉन्ट इतक्या कमी ठिपक्यांत दाबला की काने चिकटतात, अनुस्वार गायब होतो. ठिपक्यांच्या चौकटीसाठीच आखलेला बिटमॅप फॉन्ट लागतो. ग्नू युनिफॉन्ट फुकट आहे, 16 ठिपक्यांचा आहे, त्यात देवनागरीही आहे. मात्र जोडाक्षरे नीट जुळायला सॉफ्टवेअरचीही साथ लागते. दुकानदाराने अख्ख्या फॉन्टवर खर्च करूच नये. जोडाक्षरांसह देवनागरीची शेकडो चिन्हे होतात आणि तुम्हाला हवी असतात पंधरा-वीस. दुकानाचे नाव आणि दोन-तीन ओळी ठिपका-ठिपका भरून चित्र म्हणून काढून घ्या. बहुतेक कार्डांचे सॉफ्टवेअर चित्र स्वीकारते. एखाद्या चित्रकार विद्यार्थ्याला दिवसभराची मजुरी द्या. पाटीवरचा हा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च.

पैसे चुकते करण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘शुद्ध’, ‘सुट्टी’, ‘चंदगड’ हे शब्द पाटीवर चालवून बघा. ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत का, तेही तपासा. रस्त्यापलीकडून वाचता आले, तरच पाटी ताब्यात घ्या आणि चित्रांच्या मूळ फाइली, कार्डाच्या पासवर्डसह, पेनड्राइव्हवर मागून घ्या.