साखरेचा साज

फाल्गुन महिना लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी, औरंगपुरा या भागांतील दुकानांत पांढऱ्याशुभ्र माळा लटकू लागतात. काही माळा गुलाबी किंवा केशरी असतात. दुरून पाहणाऱ्याला त्या फुलांच्या वाटतात; पण त्या असतात साखरेच्या. त्यांना ‘गाठी’ म्हणतात. होळीला मुलांच्या गळ्यात गाठी घालतात आणि गुढीपाडव्याला कडुनिंबाच्या डहाळीबरोबर ती गुढीला बांधतात.

गाठीसाठी प्रथम साखरेचा पाक करतात. पाक म्हणजे तुम्ही घरी जिला चाशनी म्हणता तीच. उकळत्या पाकात थोडे दूध घातले की मळी वर येते. ती काढून टाकतात. मग लाकडी साच्यांत दोरा ठेवून त्यावर घट्ट पाक ओततात. पाक थिजला की दोऱ्यासकट माळ बाहेर निघते. काम दिसायला सोपे आहे; परंतु कारागिराचा हात जरा हलला तर बोटे भाजतात. शिवाय ही कमाई थोड्याच आठवड्यांची. पाडवा झाला की गाठीला कोणी विचारीत नाही.

मकरसंक्रांतीचा हलवा याहूनही नाजूक. हा हलवा म्हणजे गाजराचा हलवा नव्हे! मंद आचेवर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेतात. त्यावर चमचा-चमचा पाक सोडून दाणे हाताने सतत हलवीत राहतात. दाण्यांवर साखरेचे थर चढतात आणि त्यांना बारीक काटे फुटतात. चांगला काटा येण्यास दोन-तीन दिवसही लागतात. हे दाणे दोऱ्यात गुंफून हार, बांगड्या, बाजूबंद, मुकुट असे दागिने करतात. नव्या सुनेला व लहान बाळाला काळे कपडे घालून हे दागिने चढवतात. काळ्या रंगावर पांढरा हलवा किती उठून दिसतो!

साखरेचे हे दोन्ही साज कोरड्या हवेतले आहेत. साखर हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात हलव्याचे काटे विरघळतील आणि गाठी चिकट होईल. म्हणूनच, मला वाटते, श्रावणातल्या सणांना असा साज नसतो.

बिस्किटांवरील आयसिंगचेही तसेच आहे. युरोपात नाताळच्या थंडीत मसाल्याच्या बिस्किटांवर साखरेने तारे, झाडे, घरे काढतात. तुम्हीही नानखटाईवर नक्षी काढू शकता. एक वाटी पिठीसाखर चाळून घ्या. तीत लिंबाच्या रसाचे चार थेंब आणि दोन-तीन लहान चमचे पाणी घाला. पण पाणी थेंबाथेंबाने घाला, कारण ते जास्त झाले तर नक्षी ओघळते. जाड कागदाचा शंकू करून त्यात हे मिश्रण भरा व टोक किंचित कापा. नानखटाई पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा. गरम नानखटाईवर साखर वितळते.

ईदसाठी चंद्रकोर काढणार असाल तर आधी हवा पाहा. संक्रांत सूर्याच्या गतीवर ठरते, म्हणून ती नेहमी थंडीतच येते. ईद चंद्राच्या गणनेने येते आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2016 साली ईदुल फित्र 7 जुलैला, ऐन पावसाळ्यात होती. 2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला आला आणि दुसऱ्याच दिवशी ईद. त्या वर्षी शहराच्या बाजारात एकीकडे गाठी आणि दुसरीकडे शेवया, खारीक, चारोळी अशी एकाच वेळी खरेदी चालली होती. शीरखुर्म्याला मात्र कोणताही ऋतू चालतो. तो वाडग्यात असतो. त्याला ओलाव्याची काय भीती?

स्वाध्याय
1. गाठी तयार करताना पाकात दूध का घालतात?
2. पावसाळ्यात हलव्याचे दागिने का टिकत नाहीत?
3. तुमच्या घरी ईदला केल्या जाणाऱ्या एका पदार्थाची कृती मराठीत लिहा.