गटाधारित अध्ययन आणि ऑनलाइन साहित्यवर्ग : सामूहिक चाचणीचा विचार

१
साहित्याच्या अध्यापनात गटचर्चा नवी नाही. तथापि रूढ गटचर्चा आणि गटाधारित अध्ययन यांत मूलभूत भेद आहे. रूढ चर्चेत दोघे-तिघे बोलतात, उरलेले ऐकतात आणि चर्चा निर्णयाविना संपते. गटाधारित अध्ययनात मात्र गटाला एक निश्चित निर्णय घ्यावा लागतो व त्याचे समर्थनही करावे लागते. अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेल्सन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धती विकसित केली. त्यांच्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गातील विद्यार्थिसंख्या ४० वरून १२० झाली, तेव्हा केवळ व्याख्यानाचा आश्रय न घेता त्यांनी हा मार्ग शोधला. पुढे वैद्यकशिक्षणात तिचा विशेष प्रसार झाला. २०२० नंतर ऑनलाइन वर्ग सर्वपरिचित झाले. या पार्श्वभूमीवर, मराठीच्या पदव्युत्तर अध्यापनाला ही पद्धती कितपत उपकारक ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२
या पद्धतीचा क्रम असा : शिक्षक पाच ते सात जणांचे स्थिर गट पाडतात. नेमलेले वाचन विद्यार्थी आधी करतात. नंतर प्रत्येकजण एक छोटी बहुपर्यायी चाचणी एकट्याने देतो आणि लगेच तीच चाचणी गट एकत्रितपणे देतो. गटचाचणीत उत्तर चुकल्यास पुन्हा विचार करण्याची संधी असते. पहिल्याच प्रयत्नात बरोबर आल्यास ४, दुसऱ्यात २, तिसऱ्यात १ अशी गुणांची उतरंड ठेवता येते. त्यानंतर गटाला लेखी आक्षेप घेता येतो आणि शेवटी शिक्षक केवळ अवघड राहिलेल्या भागाचे विवेचन करतात. येथवरची सिद्धता झाल्यावर मुख्य कार्याला, म्हणजे संकल्पनांच्या उपयोजनाला, आरंभ होतो.

प्रत्यक्ष वर्गात गटचाचणीसाठी खरवडून उत्तर पाहण्याची पत्रिका वापरतात. ऑनलाइन वर्गात तिला पर्याय शोधावा लागतो. मूडल या प्रणालीत एकाच प्रश्नाला अनेक प्रयत्न देऊन प्रत्येक चुकीला गुण वजा करण्याची सोय आहे. परंतु चाचणी तेथे व्यक्तीच्या नावेच नोंदली जाते. म्हणून गटाने एक लेखनिक नेमावा व दर खेपेस तो बदलावा. गूगल फॉर्ममध्ये चुकीचा पर्याय निवडणाऱ्यास ‘पुन्हा विचार करा’ अशा पृष्ठावर नेता येते. गावोगाव विखुरलेल्या विद्यार्थ्यांना एकाच वेळी जोडणीची खात्री नसते. त्यांच्यासाठी वैयक्तिक चाचणीला दोन दिवसांची मुदत द्यावी आणि गटचाचणी साध्या दूरध्वनी-संभाषणावर होऊ द्यावी. चलच्चित्रासाठी आग्रह धरू नये.

३
खरी अडचण तंत्राची नसून प्रश्नांच्या स्वरूपाची आहे. घरी बसून चाचणी देणाऱ्याला ‘यमुनापर्यटन’ केव्हा प्रसिद्ध झाले हे विचारण्यात अर्थ नाही. १८५७ हे उत्तर क्षणार्धात सापडते. याउलट, विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन आणि ख्रिस्ती धर्मविचाराचे प्रतिपादन या दोन प्रयोजनांचा त्या कृतीच्या कथानकावर कोणता परिणाम होतो, असे विचारून चार संभाव्य विधाने पुढे ठेवली, तर संहितेकडे परतण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

उपयोजनाचा प्रश्नही असाच हवा. उदाहरणार्थ, ‘मराठी कादंबरीचा आरंभ कोणत्या कृतीपासून मानावा?’ असे विचारून चार पर्याय द्यावेत : बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रा. भि. गुंजीकरांचे ‘मोचनगड’ (१८७१) आणि ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. कालानुक्रम हा निकष मानणारा गट पहिल्या पर्यायाकडे वळेल. अद्भुतरम्य कथनाची परंपरा महत्त्वाची मानणारा दुसरा पर्याय निवडील, तर ऐतिहासिक कादंबरीचा उगम शोधणारा तिसरा. वास्तवदर्शी अनुभवकथन हाच कादंबरीचा प्राण मानणारा गट आपट्यांपाशी थांबेल. पहिल्या आणि चौथ्या कृतीतील नायिकांची नावे सारखीच आहेत. या साम्याकडे लक्ष गेले, तर स्त्रीदुःखाच्या चित्रणात या कालावधीत काय पालटले, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. निवड एकच करावयाची असल्याने आपला निकष उघड करणे प्रत्येक गटाला भाग पडते.

सर्व गटांनी आपला निर्णय एकाच वेळी जाहीर करणे हे या पद्धतीचे मर्म आहे. ऑनलाइन वर्गात प्रथम लिहिणाऱ्याचे मत इतरांवर प्रभाव टाकते. म्हणून ठरलेल्या वेळेपर्यंत सर्व उत्तरे झाकलेली ठेवावीत. स्वतःचे उत्तर नोंदविल्याशिवाय इतरांचे दिसू नये अशी व्यवस्था असलेले चर्चापीठ याकामी उपयोगी पडते.

४
साहित्यकृतीच्या अर्थाला चार पर्यायांत कोंडणे योग्य आहे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्तही आहे. मात्र त्याचे उत्तर या पद्धतीतच आहे. गटाला शिक्षकाचे ‘बरोबर उत्तर’ मान्य नसेल, तर तो संहितेतील आधार देऊन लेखी आक्षेप घेऊ शकतो, आणि आक्षेप ग्राह्य ठरल्यास त्याच गटाला गुण मिळतात. अन्य विद्याशाखांत हा टप्पा दुय्यम वाटेल, पण साहित्याच्या वर्गात तोच केंद्रवर्ती ठरावा. विधान, आधार आणि प्रतिवाद यांचे जे शिक्षण संशोधनप्रबंधाच्या वेळी द्यावे लागते, त्याचा श्रीगणेशा येथे होतो. शिक्षकाचे उत्तर चुकीचे असू शकते, हेही विद्यार्थी प्रथमच अनुभवतो.

दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. गटाच्या गुणांमुळे निष्क्रिय सदस्याचाही फायदा होतो. म्हणून वैयक्तिक चाचणीचे गुण कायम ठेवून सदस्यांनी परस्परांचे मूल्यमापन करावे. तसेच ज्याची जोडणी तुटली त्याला निष्क्रिय समजले जाऊ नये. त्याचे म्हणणे लेखी किंवा ध्वनिमुद्रित स्वरूपात स्वीकारावे.

ऑनलाइन अध्यापनात शिक्षकाचा आवाज दूरवर पोहोचतो, विद्यार्थ्याचा मात्र सहसा पोहोचत नाही. एकट्याने वाचणाऱ्या दूरस्थ विद्यार्थ्याला मतभेद करण्यास जोडीदार मिळवून देणे, एवढे जरी या पद्धतीने साधले, तरी तिचा स्वीकार सार्थ ठरेल.